फ्रँक जॉन्सन : माँटगोमेरीच्या जिल्हा न्यायालयातली चोवीस वर्षं

रानवाटा

अमेरिकेतल्या अलाबामा राज्यात बसमधली जागा सोडायला नकार देणाऱ्या रोझा पार्क्स आणि त्यानंतरचा माँटगोमेरीचा बस बहिष्कार आपल्याला साधारण ठाऊक असतो. ३८१ दिवस तिथली कृष्णवर्णीय माणसं पायी कामावर गेली, एकमेकांना गाडीतून सोडलं, पण बसमध्ये पाय ठेवला नाही. एवढं होऊनही शहराचे आयुक्त शेवटपर्यंत हटले नव्हते. बसमधली गोऱ्या-काळ्यांची विभागणी उठली ती ५ जून १९५६ च्या एका निकालाने. तो देणाऱ्या तीन न्यायाधीशांपैकी एक होते फ्रँक एम. जॉन्सन. तेव्हा ते ३७ वर्षांचे होते आणि खुर्चीवर बसून त्यांना जेमतेम सात महिने झाले होते.

मी बरीच वर्षं अटलांटात राहते. इथून माँटगोमेरी गाडीने अडीच-तीन तासांवर आहे. तिथे जाणं झालं की डॉ. मार्टिन लूथर किंग यांचं चर्च बघितलं जातं, पार्क्सबाईंचं संग्रहालय बघितलं जातं, पण ज्या इमारतीवर जॉन्सन यांचं नाव आहे त्या फेडरल कोर्टाकडे सहसा कुणी वळत नाही. मराठीत त्यांच्याबद्दल सलग काही वाचायला मिळालं नाही, म्हणून हा धागा.

जन्म ३० ऑक्टोबर १९१८ चा, अलाबामाच्या वायव्येकडच्या विन्स्टन काउंटीतला. हा डोंगराळ भाग. जमीन हलकी, कापसाचे मोठे मळे नाहीत, त्यामुळे गुलाम जवळजवळ नव्हतेच. १८६१ मध्ये अलाबामा संघराज्यातून फुटून निघालं तेव्हा या काउंटीने ते मनापासून मान्य केलं नाही. दक्षिणेत सगळीकडे डेमोक्रॅटिक पक्षाचं राज्य असताना इथली माणसं पिढ्यान् पिढ्या लिंकनच्या रिपब्लिकन पक्षाची राहिली. जॉन्सन त्याच मातीतले. त्यांना परकं ठरवणाऱ्यांनी पुढे त्यांना बाहेरून आलेला म्हणून हिणवलं, पण ते अस्सल अलाबामाचे होते.

अलाबामा विद्यापीठातून १९४३ साली कायद्याची पदवी घेतली. त्याच कॉलेजात त्यांच्या ओळखीचा, उठण्याबसण्यातला एक विद्यार्थी होता, जॉर्ज वॉलेस. हे नाव लक्षात ठेवा. पदवीनंतर जॉन्सन पायदळात गेले, नॉर्मंडीच्या लढाईत जखमी झाले. परतल्यावर जॅस्पर गावी वकिली केली. १९५२ च्या निवडणुकीत अलाबामातल्या माजी सैनिकांमध्ये आयझेनहॉवर यांचा प्रचार केला आणि १९५३ मध्ये फेडरल सरकारी वकील झाले. त्या पदावर असताना त्यांनी एक खटला चालवला तो मला फार महत्त्वाचा वाटतो. एका शेतमालक कुटुंबातले लोक तुरुंगातल्या कृष्णवर्णीय माणसांचा दंड भरून त्यांना सोडवत आणि मग मारहाण करून वेठीला ठेवत. १९५४ साली, गुलामगिरी संपून नव्वद वर्षं होत आली असताना, गोऱ्या ज्यूरीकडून त्यांनी दोषसिद्धी मिळवली. म्हणजे न्यायाधीश होण्याआधीच त्यांना आपल्या राज्यात काय चालतं ते साक्षीदारांच्या तोंडून माहीत होतं.

१९५५ च्या ऑक्टोबरमध्ये आयझेनहॉवर यांनी त्यांना अलाबामाच्या मध्य जिल्ह्याचं न्यायाधीशपद दिलं. पहिल्या डिसेंबरला पार्क्सबाईंना अटक झाली. वकील फ्रेड ग्रे यांनी ऑरेलिया ब्राउडर, सूझी मॅक्डोनल्ड, क्लॉडेट कॉल्विन आणि मेरी लुईस स्मिथ या चार स्त्रियांच्या वतीने फेडरल कोर्टात दावा लावला. राज्याचा कायदाच घटनाबाह्य ठरवायचा असल्यामुळे तेव्हाच्या नियमाप्रमाणे तीन न्यायाधीश बसले : अपील कोर्टाचे रिचर्ड रिव्ह्ज, बर्मिंगहॅमचे सीबर्न लिन आणि जॉन्सन. सुप्रीम कोर्टाने १९५४ मध्ये ब्राउन खटल्यात गोऱ्या-काळ्यांची विभागणी घटनाबाह्य ठरवली होती ती शाळांपुरतीच. १८९६ चा ‘वेगळे पण समान’ हा जुना निवाडा वाहतुकीच्या बाबतीत उघडपणे रद्द झालेला नव्हता. लिन यांचं म्हणणं असं की तो रद्द करायचा अधिकार फक्त वरच्या कोर्टाचा. रिव्ह्ज आणि जॉन्सन यांनी म्हटलं, शाळेत जे घटनेविरुद्ध आहे ते बसच्या बाकावर घटनेनुसार कसं असेल? निकाल दोन विरुद्ध एक. नोव्हेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने तो कायम केला आणि डिसेंबरात बहिष्कार मागे घेतला गेला.

त्यानंतरची यादी मोठी आहे. १९६१ मध्ये मेकन काउंटीच्या मतदार नोंदणीचा निकाल, त्याच वर्षी बस प्रवासातली विभागणी मोडायला निघालेल्या फ्रीडम रायडर्सवर हल्ला करणाऱ्या कू क्लक्स क्लॅन या गोऱ्या वर्चस्ववादी संघटनेविरुद्ध आणि डोळेझाक करणाऱ्या माँटगोमेरीच्या पोलिसांविरुद्ध मनाई हुकूम (ज्या बस स्थानकावर मारहाण झाली ते कोर्टाला लागूनच आहे), १९६२ मध्ये विधानसभेच्या मतदारसंघांची फेररचना, १९६७ मध्ये राज्यभरातल्या शाळांचं एकत्रीकरण. पण मी थांबणार आहे १९६५ च्या मार्चवर.

७ मार्चला सेल्मा गावाच्या पुलावर राज्याच्या पोलिसांनी मतदानाचा हक्क मागणाऱ्या सहाशेच्या आसपास लोकांना लाठ्यांनी, अश्रुधुराने झोडपलं. दुसऱ्याच दिवशी आंदोलकांचे वकील जॉन्सन यांच्या कोर्टात आले : मोर्चा अडवू नका असा राज्याला हुकूम द्या, आम्हाला माँटगोमेरीपर्यंत चालत जायचं आहे. जॉन्सन यांनी तो हुकूम लगेच दिला नाही. उलट साक्षीपुरावे होईपर्यंत मोर्चा काढू नका असं बजावलं. ९ मार्चला डॉ. किंग दोन हजार लोक घेऊन पुलावर गेले, गुडघे टेकून प्रार्थना केली आणि परत फिरले. तरुण कार्यकर्ते यावर खूप चिडले. मग सुनावणी झाली. जखमींच्या साक्षी झाल्या, पुलावरच्या मारहाणीचं वार्तांकनाचं चित्रीकरण कोर्टात दाखवलं गेलं. १७ मार्चला निकाल आला.

त्यातलं मुख्य सूत्र असं : रस्त्यावर उतरून शांतपणे निषेध करायचा हक्क किती मोठा, हे ज्या अन्यायाविरुद्ध निषेध चालला आहे तो किती मोठा आहे त्यावरून ठरावं, आणि या खटल्यातला अन्याय प्रचंड आहे. एरवी हमरस्ता आठवडाभर अडवायला कुठलंही कोर्ट परवानगी देणार नाही. जॉन्सन यांनी ती दिली, पण मोर्चेकऱ्यांकडून आधी पूर्ण आराखडा घेतला. कुठे मुक्काम, जेवण कुठून येणार, शौचालयांची सोय काय, दोन पदरी रस्त्यावर ३०० पेक्षा जास्त माणसं नकोत. राज्य सरकारला संरक्षण देण्याचा आदेश दिला. गव्हर्नर होते तेच, जॉर्ज वॉलेस. त्यांनी पैसे नाहीत म्हणून हात वर केले, तेव्हा राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी राज्याचं नॅशनल गार्ड हे राखीव सैन्यदल केंद्राच्या ताब्यात घेतलं. २१ ते २५ मार्च, चोपन्न मैल. शेवटच्या दिवशी राजधानीत पंचवीस हजार माणसं होती. ऑगस्टमध्ये मतदान हक्क कायदा झाला.

मला जे म्हणायचं आहे ते एवढंच : मोठ्या निकालांचं श्रेय आपण वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टातल्या नऊ न्यायमूर्तींना देतो. पण एखाद्या माणसाला बसमध्ये जागा, मतदार यादीत नाव, दवाखान्यात डॉक्टर प्रत्यक्ष मिळतो तो खालच्या कोर्टातल्या, साक्षीदाराच्या डोळ्यांत बघणाऱ्या आणि निकालानंतर त्याच गावात राहणाऱ्या न्यायाधीशामुळे. इतरांनीही भर घाला.

चिंचोका

फार छान ओळख करून दिलीत. दोन प्रश्न. पार्क्सबाईंचं नाव त्या चार वादींमध्ये का नाही? आणि फेडरल जिल्हा न्यायाधीश म्हणजे आपल्याकडच्या जिल्हा न्यायाधीशासारखाच का?

रानवाटा

पार्क्सबाईंवर राज्याच्या कोर्टात फौजदारी खटला चालू होता. त्यांना या दाव्यात घेतलं असतं तर तो खटला टाळायला हा दावा काढला असं प्रतिपक्षाला म्हणता आलं असतं. म्हणून ग्रे यांनी त्यांना मुद्दाम बाहेर ठेवलं. क्लॉडेट कॉल्विन मात्र पार्क्सबाईंच्या नऊ महिने आधी जागेवरून उठायला नकार देऊन अटक झालेली शाळकरी मुलगी होती. तिची या खटल्यात साक्ष झाली.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर : कामाचं स्वरूप थोडंफार तसं, पण नेमणूक अगदी वेगळी. अमेरिकेत राज्यांची कोर्टं वेगळी आणि केंद्राची वेगळी. केंद्राची जिल्हा न्यायालयं ९४ आहेत. राष्ट्राध्यक्ष नेमतात, सिनेट मंजुरी देते, आणि मग चांगली वर्तणूक असेपर्यंत म्हणजे जवळजवळ तहहयात पद. पगार कमी करता येत नाही. अलाबामात राज्याचे न्यायाधीश निवडून येत, त्यामुळे गोऱ्या मतदारांना दुखावून त्यांना परत निवडून येणं अवघड. जॉन्सन यांना मतं मागायची नव्हती. घटनाकारांनी तहहयात नेमणूक कशासाठी ठेवली हे माँटगोमेरीइतकं स्वच्छ कुठे दिसत नसेल.

काळाकोट

साताऱ्याच्या कोर्टात वकिली करतो, म्हणून थोडी व्यावसायिक नजरेने भर.

खालच्या कोर्टाची खरी ताकद वस्तुस्थितीच्या निष्कर्षात असते. कायद्याचा अर्थ वरचं कोर्ट बदलू शकतं, पण कोण काय बोललं, कुणाचं खरं, हे एकदा साक्षी ऐकून न्यायाधीशाने नोंदवलं की अपिलात ते सहज हलत नाही. मेकन काउंटीचा १९६१ चा निकाल यासाठी वाचण्यासारखा आहे. तिथे टस्कीगी विद्यापीठ होतं, कृष्णवर्णीय प्राध्यापक होते, डॉक्टर होते. तरी नोंदणी कार्यालय त्यांना लेखी परीक्षेत नापास करी आणि जेमतेम अक्षरओळख असलेल्या गोऱ्या माणसाचं नाव यादीत चढवी. जॉन्सन यांनी अर्जांचे कागद एकमेकांशेजारी ठेवून तपासले. मग भेदभाव बंद करा एवढंच म्हणून थांबले नाहीत. ज्या सैल मापाने गोऱ्यांची नावं घेतलीत तेच माप इतरांना लावा, असा हुकूम काढला आणि ६४ जणांची नावं ताबडतोब यादीत घालायला सांगितलं. नाहीतर कार्यालयाने दुसऱ्या दिवशी सगळ्यांसाठी कडक परीक्षा सुरू केली असती, आणि आधीचे गोरे यादीत तसेच राहिले असते.

पण एक बाजू रानवाटा यांच्या लेखात आली नाही, ती यायला हवी. याच टस्कीगी शहराची हद्द १९५७ साली राज्य विधिमंडळाने अशी आखली की चौकोनी शहराचं अठ्ठावीस बाजूंचं काहीतरी झालं आणि जवळजवळ सगळे कृष्णवर्णीय मतदार हद्दीबाहेर गेले. तो दावा जॉन्सन यांच्यापुढे आला आणि त्यांनी तो फेटाळला. विधिमंडळाने आखलेली शहराची हद्द बदलायचा अधिकार मला नाही, असं त्यांचं म्हणणं. १९६० मध्ये सुप्रीम कोर्टाने एकमताने त्यांना उलटवलं. फ्रीडम रायडर्सच्या वेळीही त्यांनी क्लॅनबरोबर रायडर्सच्या संघटनांनाही काही दिवस मनाई केली होती. त्यांना आंदोलनाचा माणूस समजणं त्यांच्यावरही अन्याय आहे. जिथे वरच्या कोर्टाचा आधार दिसला नाही तिथे ते थांबले, आणि आधार मिळाल्यावर राज्याला पळवाट ठेवली नाही.

निळी पहाट

९ मार्चला किंग पुलावरून परत फिरले हे वाचल्यावर मला महाड डोळ्यांपुढे आलं.

२० मार्च १९२७ ला चवदार तळ्याचं पाणी घेतल्यावर जी मारहाण झाली ती सर्वांना माहीत आहे. डिसेंबरात बाबासाहेबांनी दुसरी परिषद बोलावली तेव्हा सवर्णांनी महाडच्या दिवाणी कोर्टात दावा लावून, तळं खासगी मालकीचं आहे असं सांगून, तात्पुरता मनाई हुकूम मिळवला. हजारो सत्याग्रही जमले होते, तुरुंगात जायच्या तयारीने आले होते. २५ डिसेंबरला मनुस्मृतीचं दहन झालं, पण तळ्यावर जाणं बाबासाहेबांनी थांबवलं. कोर्टाच्या हुकमाचा मान राखला आणि लढाई कोर्टात नेली. लोकांना ते पचवणं सोपं गेलं नाही. किंग यांच्यावर तरुण मुलं जशी चिडली तसंच.

मनाई हुकूम पुढे उठला, पण दावा दहा वर्षं चालला. मुंबई उच्च न्यायालयाने अंतिम निकाल दिला तो १७ मार्च १९३७ ला, बाबासाहेबांच्या बाजूने. पुरातन काळापासून अस्पृश्यांना वगळण्याची रूढी होती हे सवर्णांना सिद्ध करता आलं नाही, असं न्या. ब्रूमफील्ड यांनी लिहिलं. (हेच ब्रूमफील्ड १९२२ मध्ये अहमदाबादला गांधीजींना शिक्षा सुनावणारे.) जॉन्सन यांचा सेल्माचा निकालही १७ मार्चचा. तारखा जुळल्या हा योगायोग. पण दोन्ही ठिकाणी प्रश्न एकच होता की सार्वजनिक रस्ता, सार्वजनिक पाणी कुणाचं.

फरक मात्र मला टोचतो. सेल्माचा मनाई हुकूम आठवड्याभरात उठला, कारण न्यायाधीशाने सगळं बाजूला ठेवून रोज साक्षी ऐकल्या. महाडला दहा वर्षं लागली. आणि तो निकालही रूढी सिद्ध झाली नाही या मुद्द्यावर आला. रूढी सिद्ध झाली असती तर? समतेचा हक्क घटनेत यायला अजून तेरा वर्षं होती. जॉन्सन यांच्या हाताशी कायद्याचं समान संरक्षण देणारी चौदावी घटनादुरुस्ती होती, महाडच्या न्यायाधीशांच्या हाताशी तसं काहीच नव्हतं.

चिंचोका

+१. हा प्रतिसाद जपून ठेवतोय.

कोकणकडा

मतदान, बस, मोर्चा इथपर्यंत माझी काहीच हरकत नाही. पण याच न्यायाधीशांनी पुढे राज्याची मनोरुग्णालयं आणि तुरुंग चालवायला घेतले. किती माणसांमागे एक शौचालय, खोलीत किती पलंग, हे न्यायाधीश ठरवणार? त्याचा खर्च करदाता देणार, आणि ज्याला कुणी निवडून दिलेलं नाही तो अंदाजपत्रक ठरवणार. मला ही गोष्ट लोकशाहीत बसत नाही. हक्क सांगणं कोर्टाचं काम, कारभार करणं सरकारचं. हा प्रश्न मी मनापासून विचारतोय, कारण आपल्याकडेही कोर्टं समित्या नेमून कारभार चालवतात आणि मग कुणालाच जाब विचारता येत नाही.

शुभदा_परिचारिका

कोकणकडा, तुमचा प्रश्न रास्त आहे. मी मनोरुग्ण विभागात बरीच वर्षं काम केलंय, म्हणून वायट विरुद्ध स्टिकनी या खटल्याबद्दल लिहिते. आमच्या क्षेत्रात हे नाव आदराने घेतलं जातं.

टस्कलूसा गावात ब्राइस हे राज्याचं जुनं मनोरुग्णालय. पाच हजारांवर रुग्ण. १९७० मध्ये सिगारेटवरच्या करातून मनोरुग्णालयाला मिळणारा पैसा घटला म्हणून ९९ कर्मचारी कमी केले. दावा प्रथम नोकरी गेलेल्या कर्मचाऱ्यांसाठीच होता. त्यांच्यासोबत रुग्ण म्हणून रिकी वायट या किशोरवयीन मुलाचं नाव जोडलं गेलं. त्याला मानसिक आजारच नव्हता, व्रात्य म्हणून त्याला तिथे टाकलं होतं. सुनावणीत पुढे आलं की हजारो माणसांना उपचारांच्या नावाखाली डांबलंय आणि उपचार करायला माणूसच नाही. एका रुग्णामागे दिवसाला जेवणावर पन्नास सेंटसुद्धा खर्च होत नव्हते.

मार्च १९७१ च्या निकालात जॉन्सन यांनी जे लिहिलं त्याचा आशय असा : तुझ्या भल्यासाठी, बरं करण्यासाठी ठेवतोय असं सांगून एखाद्याचं स्वातंत्र्य काढून घ्यायचं आणि मग पुरेसे उपचार द्यायचे नाहीत, हा कायद्याच्या मूळ तत्त्वाचाच भंग आहे. यात शौचालय कुठेच नाही. त्यांनी राज्याला सहा महिने दिले, म्हणाले, मानकं तुम्हीच ठरवून आणा. राज्याने जे आणलं ते अगदीच अपुरं होतं. मग तज्ज्ञांच्या साक्षी झाल्या, दोन्ही बाजूंनी बऱ्याच मानकांना संमती दिली, आणि एप्रिल १९७२ मध्ये हुकूम निघाला : एका खोलीत सहापेक्षा जास्त रुग्ण नकोत, आठ रुग्णांमागे एक शौचालय, प्रत्येकासाठी लिखित उपचार योजना, अमुक रुग्णांमागे अमुक डॉक्टर-परिचारिका.

आकडे का लागतात ते वॉर्डात काम केलेल्याला विचारा. ‘योग्य सोय करावी’ असं लिहिलं की तपासणीच्या दिवशी चादरी बदलतात. आठांमागे एक असं लिहिलं की मोजता येतं. मोजता आलं की रुग्णाचा नातेवाईकही प्रश्न विचारू शकतो. आपल्या २०१७ च्या मानसिक आरोग्य कायद्यात रुग्णांचे हक्क कलमवार लिहिलेत, आणि ते वाचताना मला ब्राइस आठवतं. तिथल्या लोकांना मत नव्हतं, आमदार त्यांच्याकडे मत मागायला येत नव्हता. निवडून आलेल्या सरकारने करावं हे खरंच, पण ज्याचं मतच नाही त्याच्यासाठी सरकार कधी करणार?

काळाकोट

शुभदाताईंनी मुख्य ते सांगितलं. तुरुंगांबद्दल मी लिहितो.

जानेवारी १९७६ चा प्यू विरुद्ध लॉक हा निकाल. त्यात ड्रेपर तुरुंगातल्या शिक्षेच्या कोठड्यांचं वर्णन आहे. चार फूट बाय आठ फूट खोली, तिथे काही वेळा सहा माणसं, पलंग नाही, दिवा नाही, नळ नाही, जमिनीला एक भोक हेच शौचालय. हे न्यायाधीशाने रंगवून लिहिलेलं नाही, साक्षीत आलेलं आहे. आणि कोकणकडा, सर्वात बोलकी गोष्ट ही की पुराव्यानंतर खुद्द प्रतिवादींच्या मुख्य वकिलांनी भर कोर्टात मान्य केलं की क्रूर शिक्षेला मनाई करणाऱ्या कलमाचा भंग होतोय हे निर्विवाद सिद्ध झालंय. सगळ्यांना माहीत होतं, पण कैद्यांवर खर्च केला तर पुढची निवडणूक जाईल म्हणून कुणी हात घालत नव्हतं. बरेच अधिकारी मनातून कोर्टाच्या हुकमाची वाटच बघत असावेत असं मला वाटतं. वर बोट दाखवता येतं.

तरी तुमच्या आक्षेपात तथ्य आहे, आणि ते अपील कोर्टालाही पटलं होतं. तुरुंगांवर देखरेखीसाठी जॉन्सन यांनी नागरिकांची एक मोठी समिती नेमली होती. १९७७ मध्ये अपील कोर्टाने ती बरखास्त केली. कैद्यांच्या हक्कांचा निष्कर्ष मात्र त्यांनी राहू दिला. म्हणजे साखळीतल्या वरच्या कोर्टाने मर्यादा घातली, आणि ती घालायलाच हवी.

आपल्याकडे शीला बर्से यांच्या पत्रावरून सुप्रीम कोर्टाने १९८३ मध्ये मुंबईच्या पोलीस कोठड्यांतल्या स्त्रियांसाठी जे निर्देश दिले (स्त्रियांसाठी वेगळी कोठडी, महिला पोलिसांची देखरेख, अटकेनंतर कायदेशीर मदत मंडळाला कळवणं) त्यांचीही जात हीच. पण आपल्याकडे ते थेट दिल्लीहून येतं, तालुक्या-जिल्ह्यातून नाही. आमच्या जिल्हा न्यायाधीशाला रिटचे अधिकारच नाहीत. त्यामुळे जो तुरुंगाच्या सर्वात जवळ बसतो त्याच्या हातात सर्वात कमी असतं, ही खंत मी रोज बघतो.

कोकणकडा

शुभदाताई, काळाकोट, दोघांचे आभार. राज्याच्या वकिलाने कबुली दिली होती हे मला ठाऊक नव्हतं, त्याने चित्र बरंच बदलतं. पण वायट खटला किती वर्षं चालला ते कुणी लिहिलं नाही. मी शोधलं. २००३ मध्ये संपला. तेहतीस वर्षं कोर्टाची देखरेख! रुग्णांची स्थिती सुधारली असेल, पण एवढा काळ सरकारला स्वतःच्या पायावर उभं राहता आलं नाही, हेही लिहून ठेवलं पाहिजे.

मृगनक्षत्र

या सगळ्याची किंमत त्या घराने काय मोजली त्यावर थोडं.

बस निकालानंतर जॉन्सन यांच्या अंगणात क्लॅनने क्रूस जाळला. १९६७ च्या एप्रिलमध्ये त्यांच्या आईच्या घरावर बॉम्ब टाकला गेला. टेलिफोनच्या वहीत वडिलांचं नाव फ्रँक जॉन्सन असंच होतं, त्यामुळे घर न्यायाधीशांचं समजून तो टाकला असावा. आई सुखरूप राहिली आणि घर सोडायला तयार झाली नाही. वर्षानुवर्षं फेडरल मार्शल घरावर पहाऱ्याला. गावातल्या प्रतिष्ठित गोऱ्या मंडळींनी पाठ फिरवली. पत्नी रूथ आणि दत्तक मुलगा जॉनी यांनी हे रोज सोसलं. १९७५ मध्ये जॉनीने आत्महत्या केली. कारणांबद्दल बाहेरच्यांनी काही बोलू नये असं मला वाटतं. पण काही महिन्यांत तुरुंगांचा निकाल लिहिणारा माणूस कोणत्या अवस्थेत तो लिहीत होता, हे लक्षात असावं.

आणि वॉलेस. १९५९ च्या सुरुवातीला वॉलेस स्वतः राज्याचे न्यायाधीश होते. फेडरल नागरी हक्क आयोगाने मतदार नोंदणीची कागदपत्रं मागितली, वॉलेसनी जाहीरपणे नकार दिला. जॉन्सन यांनी कागद द्या नाहीतर अवमानाची कारवाई असं बजावलं. तेव्हा वॉलेस रात्री त्यांच्या घरी आले. कॉलेजातली जुनी ओळख. थोडीशी शिक्षा द्या, निवडणुकीत उपयोग होईल, अशी त्यांची मागणी. जॉन्सन म्हणाले, अवमान केलास तर जास्तीत जास्त शिक्षा देईन. वॉलेसनी मग ग्रँड ज्यूरीच्या (आरोप ठेवायचे की नाही ते ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाच्या) आडून कागद गुपचूप पोचते केले आणि बाहेर मात्र मी केंद्राला नमवलं असा डंका पिटला. जॉन्सन यांनी त्यांना अवमानाच्या आरोपातून सोडलं, पण कागद कसे पोचले ते सगळं निकालपत्रात लिहून ठेवलं. पुढे गव्हर्नर झाल्यावर वॉलेसनी त्यांना जाहीर सभांतून खोटारडा म्हटलं. जॉन्सन यांनी उत्तर दिलं ते हुकमांतूनच.

व्हायोला लिउझो यांचा उल्लेखही हवा. सेल्माचा मोर्चा संपला त्या रात्री डेट्रॉइटहून मदतीला आलेल्या या पाच मुलांच्या आईला क्लॅनच्या माणसांनी गाडीतून गोळी घातली. राज्याच्या ज्यूरीने गोळी झाडणाऱ्याला सोडलं. फेडरल कायद्यात खुनाचं कलम लागत नव्हतं, म्हणून १८७० च्या जुन्या कायद्याखाली हक्क हिरावण्याच्या कटाचा खटला जॉन्सन यांच्यापुढे चालला. ज्यूरीचं एकमत होईना, तेव्हा त्यांनी त्यांना परत विचार करायला पाठवलं. डिसेंबर १९६५ मध्ये तिघे दोषी ठरले, दहा-दहा वर्षं. अलाबामातल्या गोऱ्या ज्यूरीने तेव्हा हे केलं, यावर देशभर विश्वास बसत नव्हता.

रानवाटा

सर्वांचे मनापासून आभार, धागा माझ्या लेखापेक्षा कितीतरी मोठा झाला. टस्कीगीचा मुद्दा काळाकोट यांनी आणला हे चांगलं झालं.

पुढचं थोडक्यात. १९७७ मध्ये कार्टर यांनी त्यांना एफबीआयचं संचालकपद देऊ केलं, पण पोटातल्या महारोहिणीची शस्त्रक्रिया झाली आणि प्रकृतीमुळे त्यांनी नाव मागे घेतलं. १९७९ मध्ये अपील कोर्टात गेले. माँटगोमेरीतल्या त्यांच्या रिकाम्या जागेवर आले मायरन थॉम्पसन, टस्कीगीत जन्मलेले, कृष्णवर्णीय. कोकणकडा, वायट खटला २००३ मध्ये बंद केला तो याच थॉम्पसन यांनी, राज्याने ठरलेल्या अटी पूर्ण केल्यावर.

अपील कोर्टातला एक निकाल सांगायलाच हवा. १९८५ मध्ये हार्डविक खटल्यात जॉन्सन यांनी लिहिलं की प्रौढांच्या संमतीच्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरवणारा जॉर्जियाचा कायदा खासगीपणाच्या मूलभूत हक्काला हात घालतो. सुप्रीम कोर्टाने पुढच्या वर्षी पाच विरुद्ध चार मतांनी तो उलटवला. २००३ मध्ये सुप्रीम कोर्टाने स्वतःचाच तो निकाल चुकीचा होता असं सांगितलं. ते बघायला जॉन्सन नव्हते. २३ जुलै १९९९ रोजी माँटगोमेरीत त्यांचं निधन झालं.

निळी पहाट

आपल्याकडे हुबेहूब तसंच घडलं. २००९ मध्ये दिल्ली उच्च न्यायालयाने कलम ३७७ संमतीच्या संबंधांपुरतं रद्द केलं, २०१३ मध्ये सुप्रीम कोर्टाने ते उलटवलं, २०१८ मध्ये पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने परत दिल्लीचंच खरं धरलं. मधल्या काळात जे जगले त्यांची वर्षं कुणी परत दिली नाहीत.

चिंचोका

असे आणखी कुणी न्यायाधीश दक्षिणेत होते का, की हे एकटेच?

काळाकोट

होते. साउथ कॅरोलायनात चार्ल्सटनचे वेटीज वेअरिंग. १९४७ मध्ये त्यांनी डेमोक्रॅटिक पक्षाच्या अंतर्गत निवडणुकीत कृष्णवर्णीयांना मतदान खुलं केलं. १९५१ मध्ये शाळांच्या खटल्यात, तीनपैकी एकटे पडून, विभागणी हीच विषमता आहे असं मत लिहिलं. तीन वर्षांनी ब्राउन खटल्यात सुप्रीम कोर्ट तिथेच पोचलं. पण चार्ल्सटनच्या जुन्या प्रतिष्ठित घराण्यातला हा माणूस गावाला इतका नकोसा झाला की १९५२ मध्ये निवृत्त होऊन न्यूयॉर्कला राहायला गेला. जॉन्सन माँटगोमेरीत राहू शकले, वेअरिंग आपल्याच गावी राहू शकले नाहीत. रानवाटा, तुम्हाला जमलं तर वेअरिंगवर वेगळा धागा काढा, १९५१ च्या त्या भिन्नमताबद्दल मी लिहीन.

रानवाटा

नक्की. चार्ल्सटनच्या कोर्टाला २०१५ मध्ये त्यांचंच नाव दिलंय. तिथल्या क्लॅरेंडन काउंटीतल्या पालकांनी आधी मुलांसाठी फक्त एक शाळेची बस मागितली होती, तिथून सुरुवात करते.